मेजर अजून ठरलं नाही

किन्हीराजा
२१ जुलै २०२४

दादा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार वगैरे लिहितात असं शाळेत शिकवलं होतं. पण दोन वर्षांत तू नमस्कार घालण्यासारखं काही केलेलं नाहीस, म्हणून थेट सुरू करते. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या मित्रानं, गोलूनं दिला. सहजासहजी नाही दिला. त्याच्या मोबाइलच्या दुकानात मी तासभर ठाण मांडून बसले, गिऱ्हाईकं यायची आणि मला बघून परत जायची, तेव्हा कुठे कागदावर लिहून दिला. 'प्रज्वलनं घरच्या कोनालेच देऊ नको म्हटलं' असं म्हणत होता. मी फोन करणार नाही, भिऊ नको. माझ्या हातात येतो तो आईचा फोन, आणि तुझं नाव निघालं की बाबा भरल्या ताटावरून उठतात.

मी बी.ए.ला नाव घातलं, मंगरूळपीरला. सकाळी साडेसहाची एस.टी., शेलूबाजारला बदलायची. गावातली मी आणि वैष्णवी, दोघीच अपडाऊन करतो. आता नियम नवा आहे. पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि वर्ष संपताना त्यातला एक मुख्य म्हणून ठरवायचा. त्याला मेजर म्हणतात. मराठी, भूगोल, समाजशास्त्र असे तीन मी घेतलेत आणि कुठला ठरवायचा याचा मला पत्ता नाही.

तू प्रवेशाच्या वेळी गोलूच्या फोनवर दोन मिनिटं बोललास ते मी तंतोतंत पाळते आहे. 'घाई करू नको. रिकामं ठेव, पण विचारलं म्हणून कोणतंही खोटं नाव भरू नको. माझं बाबांनी भरलं, बघितलंस ना.' बघितलं. न विचारता तुला पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकलला घातलं आणि दुसऱ्या वर्षी तू पुस्तकं खोलीवर टाकून निघून गेलास. म्हणून मी ठरवलंय की काहीच ठरवायचं नाही. तिन्ही वर्गात पहिल्या बाकावर बसते. एक ना धड भाराभर चिंध्या, असं आई म्हणते. म्हणू दे. मला आजवर कोणी 'तुला काय आवडतं' असं विचारलंच नव्हतं. अकरावीला आर्ट्‌स घेतलं कारण गावात आर्ट्‌सच होतं.

बाबांनी मात्र जेवताना विचारलं की शिकून मी होणार काय. वैष्णवीचं ठरलेलं आहे, पोलीस भरती, ती पहाटे उठून धावते. मी म्हटलं, मेजर अजून ठरलं नाही. ते म्हणाले, 'ठरव मंग लवकर. लोकं विचारतात तं मले काही सांगता येत नाही.' त्यांचंही खरं आहे. पोरगी नर्सिंग करते म्हटलं की स्थळ आणणारे तीन वर्षं फिरकत नाहीत. पोरगी नुसती शिकते म्हटलं की लोक ओसरीवर येऊन बसतात.

तू लिही. आणि चप्पल नवी घे, गोलू म्हणत होता फोटोत तुझी फाटकी दिसली.

वर्षा

८ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो. तरी लिहिते, कारण हा किस्सा सांगायला मला घरात कोणी नाही.

पोळ्याच्या दिवशी मेजरकाका जेवायला आले होते. आपल्याकडे फौजेत गेलेला कुठलाही माणूस मेजरच. आपल्या गल्लीतले हे काका हवालदार म्हणून रिटायर झाले, पण दारावरच्या पाटीवरसुद्धा मेजर लिहिलंय आणि मुलं तर त्यांचं खरं नाव विसरलीत. मी पुरणपोळी वाढत होते. त्यांनी विचारलं, 'वर्षाराणी, कॉलेज काय म्हन्ते?'

मी म्हटलं, 'चालू आहे काका. फक्त मेजर ठरायचं राह्यलं.'

काकांनी घास खाली ठेवला. 'मेजर पाह्यजेन?'

'पाह्यजेच लागते,' मी म्हटलं. 'बिना मेजरचं पुढं जाता येत नाही.'

'पाहून राह्यली का मंग?'

'पाहूनच राह्यली. वर्षभर पाहीन म्हन्तो. दोन-तीन आहेत डोक्यात.'

काका आईकडे बघायला लागले, आई माझ्याकडे. मला वाटलं पोळीत मीठ पडलं. ते गेल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि विचारलं की ते दोन-तीन कोण. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी ओट्याला टेकून इतकी हसले की आईनं पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी नळावर चंदाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, 'काहून वं, तुले फौजीच नवरा पाह्यजे म्हन्तात?' वैष्णवी तर बसमध्ये रोज विचारते, आला का गं मेजर. मी पण म्हणते, आला नाही, सुट्टी मिळाली नाही त्याला.

काकांना जाऊन सांगायला हवं होतं की मेजर म्हणजे विषय. सांगेन. पण मग पुढचा प्रश्न येणार की कोणता विषय, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. त्यापेक्षा हे बरं चाललंय. निदान लोक हसतात.

समाजशास्त्र बहुतेक नको. सर वही बघून वाचतात आणि पान उलटताना थांबलेलं वाक्य तिथंच सोडून देतात.

वर्षा

१७ नोव्हेंबर २०२४

दादा,

माझं लग्न ठरलं. काल साखरपुडा झाला. मुलगा मेजरकाकांचा भाचा, उत्कर्ष नाव, कारंज्याजवळचे आहेत, फौजेत आहे. दिवाळीच्या सुट्टीवर आला होता. लग्न मे महिन्यात.

बाबांनी ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. तुझ्या वेळी जे केलं तेच माझ्या वेळी केलं.

तुला कळावं म्हणून लिहिलं.

वर्षा

१५ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार पत्रांएवढ्या शिव्या एका पानात बसवल्यास. तारीख कळव, मी येतो, बाबांना बघून घेतो, सुपारी फोडली असली तरी मोडता येते, असं लिहिलंस. तीनदा वाचलं, आणि मला कळलं की तू खरंच येशील. म्हणून आता खरं लिहिते.

मी गेल्या पत्रात खोटं लिहिलं. बाबांनी मला विचारलं होतं.

मला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. मेजरकाका, उत्कर्षचे आई-वडील, त्याचे आणखी एक मामा, तो स्वतः. मी चहा दिला आणि आत वळले तेव्हा बाबांनी मला थांबवलं. पाहुण्यांना म्हणाले, दोन मिनिटं द्या. सगळ्यांसमोर म्हणाले. मला वाटलं गाणं म्हणायला लावतात की काय. ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'वर्षा, प्रज्वलच्या टायमाले मी विचारलं नाही. थे मायं चुकलं. तुले विचारून राह्यलो. तुले शिकून काही व्हायचं असन, तं त्याचं नाव सांग माय. फक्त नाव सांग. मी या पाव्हण्यायले आत्ता हात जोडतो, राग येवो का लोभ.'

दादा, बाबा असं बोलले. चार माणसांत 'मायं चुकलं' म्हणाले. तुझं नाव त्यांनी दोन वर्षांनी घेतलं ते असं.

आणि मला नाव आलं नाही.

मी उभी राहिले. हातात ट्रे होता. मराठी म्हणावं तर मराठी घेऊन काय व्हायचं मला ठाऊक नाही. भूगोल म्हणावं तर तोवर नकाशात रंग भरण्यापलीकडे आम्ही काही केलेलं नव्हतं. नर्स म्हणता आलं असतं, कलेक्टर म्हणता आलं असतं, बाबांनी काही पुरावा मागितला नसता. वैष्णवीचं उसनं घेऊन पोलीस म्हटलं असतं तरी पाहुणे चहा पिऊन निघून गेले असते. पण डोक्यात तुझंच वाक्य, खोटं नाव भरू नको. मी खरं नाव शोधत राहिले. माणसांनी भरलेल्या खोलीत, सगळे तोंडाकडे बघत असताना, मी शोधत राहिले.

मग मेजरकाका हसले. 'लाजली पोट्टी,' म्हणाले. सगळे हसले. आई पण हसली, सुटल्यासारखी. मी लाजले नव्हते दादा. पण गप्प उभ्या राहिलेल्या मुलीला आपल्याकडे लाजलीच म्हणतात, दुसरा शब्दच नाही. फक्त बाबा हसले नाहीत. ते अजून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. नंतर त्यांनी पेढ्याचा डबा उघडला.

आता बोल, येऊन कोणाला बघून घेणार? काकांना? माझ्याच तोंडचं ऐकून त्यांनी भाचा शोधून आणला, आणि मी त्यांना तीन महिन्यांत एकदाही दुरुस्त केलं नाही. बाबांना?

मला तुझा राग आलाय. लिहून टाकते. तू म्हणालास रिकामं ठेव. तू मुलगा आहेस, तुला रिकामं राहता येतं. तू निघून गेलास तर लोक म्हणतात पोरगा नशीब काढायला गेला. एस.टी.त रिकामी सीट दिसली की खिडकीतून कोणीतरी रुमाल टाकतोच, हे तू इतक्या वेळा बघितलंस, स्वतः टाकलास, आणि तुझ्या लक्षात आलं नाही? माझ्याही आलं नाही, पण मी लहान आहे.

येऊ नकोस. भांडायला तर नकोच.

वर्षा

९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू मागच्या पत्राला नुसतं 'चुकलं माझं' एवढंच लिहिलंस. आपल्या घरात हे वाक्य आता स्वस्त झालंय. असो. राग थोडा उतरलाय, कारण सांगण्यासारखं घडलं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

भूगोलाच्या मॅडमनी सहल काढली. तासभर गाडीत बसवून कुठे आणलं असेल? आपल्याच किन्हीराजाच्या पुढच्या माळावर. वैष्णवी म्हणाली, पैसे परत मागू. मॅडमनी प्रत्येकाला सरकारी नकाशाची झेरॉक्स दिली. त्यात वाकड्यातिकड्या रेषा असतात, एका उंचीच्या सगळ्या जागा एका रेषेत. रेषा जवळजवळ आल्या की चढ, लांब गेल्या की सपाट. मुली म्हणत होत्या की शेवया सांडल्यात. मी कागद हातात घेतला आणि मला माळ दिसला. म्हणजे वर बघायच्या आधी दिसला. कुठून चढ लागतो, नाला कुठे वळतो, आपली तुरीची पट्टी कुठे. मॅडमनी विचारलं, उतार कुठल्या बाजूला आहे. बाकीच्या माना वर करून बघायला लागल्या तोवर मी सांगून मोकळी झाले. त्यांनी मला दुसरा कागद दिला, कुठला तरी लांबचा, कधी न बघितलेला डोंगर. तोही दिसला.

मग त्यांनी सांगितलं की आपल्या जिल्ह्याचं पाणी दोन्हीकडे वाहतं. अशा माळाच्या एका अंगाला पडलेलं तापीला जातं आणि दुसऱ्या अंगाचं गोदावरीला. मी त्या माळावर शेळ्यांमागे लहानाची मोठी झाले, आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी मॅडमना इतके प्रश्न विचारले की ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. दादा, मला भूक लागली नाही त्या दिवशी. डबा तसाच परत आणला. असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तूर वाळवत होते तिथं मी गेले आणि म्हटलं, बाबा, नाव सापडलं. भूगोल. ते फावडं धरून उभे राहिले. त्यांना लगेच कळलं मी कशाबद्दल बोलते आहे, म्हणजे ते विसरले नव्हते. म्हणाले, 'थे तवा काहून नाही सांगतलं?'

'तवा मले मालूम नव्हतं,' मी म्हटलं.

'मंग आता मी कोनाले काय सांगू?' म्हणाले. चिडून नाही म्हणाले, खरंच विचारत होते.

तरी ते गेले. पांढरा शर्ट घालून कारंज्याकडे गेले, मेजरकाकांना सोबत न घेता. लग्न मोडायला नाही, एवढं विचारायला की पोरीला पुढे शिकू द्याल का. उत्कर्षची आई म्हणाली, शिकू दे की, आमचं काय जातं, बाहेरून फॉर्म भरेल आणि परीक्षेला जाईल. बाबा येताना खूश होते. घरात शिरता शिरता म्हणाले की झालं तुझं काम. मी पण खूश झाले. वाईट माणसं नाहीत ती.

उत्कर्षचा फोनही येतो रविवारी. मला तुमी म्हणतो. पहिल्याच वेळी म्हणाला, 'मी सिपाही आहे, हे तुमाले कोनी सांगतलं का? मामानं मेजर म्हटलं असन तं थे खोटं आहे.' मला हसू आलं, मी त्याला सगळा घोळ सांगितला. तो म्हणाला की त्यालाही भरतीत कोणी विचारलं नव्हतं कुठला ट्रेड पाहिजे, जो खाली होता तो मिळाला. तो जेवण बनवतो, दीडशे माणसांचं. म्हणाला, होते सवय.

तेवढं वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

वर्षा

२० एप्रिल २०२५

दादा,

लग्न ११ मे, दुपारी, दारासमोरच मांडव. पत्रिका वेगळी पाठवली आहे. निमंत्रकांत बाबांनी तुझं नाव टाकलं आहे. मी सांगितलं नव्हतं, आईनंही नाही.

काल कॉलेजात फॉर्म भरायला गेले होते, पुढच्या वर्षाचा, बाहेरून परीक्षेचा. बाबा गाडीवर घेऊन गेले. ऑफिसात कॉम्प्युटरवर जे बाबू बसतात त्यांनी सगळं विचारून भरलं, लग्नानंतरचं नावसुद्धा, आणि शेवटी विचारलं की मेजर काय. मी म्हटलं, भूगोल. कोणी विचारल्यावर वर्षभरात मी पहिल्यांदा न अडखळता सांगितलं. त्यांनी दाबून बघितलं, परत दाबलं, मग चष्मा काढला. म्हणाले, 'बाई, बाहेरून भूगोल भेटत नाही. त्याले प्रॅक्टिकल असते. प्रॅक्टिकलचा कोनताच विषय बाहेरून भेटत नाही.'

मी विचारलं की काही तरी करता येईल का. ते म्हणाले, रोज कॉलेजला ये, मग भूगोल घे, कोण नाही म्हणतो. कारंज्यातही कॉलेज आहे, तिथं जा. चांगले आहेत बिचारे, त्यांनी मॅडमनाही बोलावलं. मॅडम आल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या तासाची घंटा झाली तेव्हा गेल्या.

रोज कसं जाणार? तिकडच्या माणसांनी शिकू दे म्हटलं ते बाहेरून म्हटलं. बाबांनी त्यासाठी एकदा हात जोडले. ज्यांनी एकदा हो म्हटलं त्यांच्या दारात दुसऱ्यांदा ते जाणार नाहीत, आणि मी सांगितलं तर जातील, म्हणून मी सांगणार नाही. उत्कर्षला विचारू शकते. विचारलं तर तो म्हणेल, आईला विचारतो. मग ती म्हणेल, अजून घरात आली नाही तोवर रोजचं कॉलेज मागते. ती असं म्हणाली तर चूक नाही तिची. सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत दादा. मी रात्रंदिवस शोधते आहे की भांडू कोणाशी.

बाबूंनी विचारलं, 'मंग काय टाकू? मराठी, समाजशास्त्र, काय थे सांग. मागं लाइन आहे.'

मी म्हटलं, 'काहीबी टाका.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि समाजशास्त्र टाकलं. माझ्या आधीच्या मुलीचं तेच होतं, त्यांना फक्त एक बटण दाबावं लागलं. मी सही केली. बाहेर बाबा झाडाखाली गाडी पुसत होते. मागे बसले आणि घरी आलो. वाटेत त्यांनी मला शेलूबाजारला उसाचा रस पाजला, आणि मी प्यायले, थंड होता.

तू लग्नाला ये. नाही आलास तरी मी समजून घेईन असं लिहिणार होते. नाही घेणार. गेलं वर्षभर मी सगळ्यांना समजून घेतलं आहे, एकाला तरी मला माफ करायचं नाही, पण तो तू असू नयेस असं वाटतं. म्हणून ये.

वर्षा